सत्तर मार्कांचा दिवा

रफूवहिनींच्या टेबलावरचा पिवळा बल्ब उडाला. दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर घरातला पुरुष चपला सरकवून कोपऱ्यावर गेला असता, दिवा आणून लावला असता आणि विषय तिथेच मिटला असता. पण वहिनींच्या यजमानांना सगळी बिल्डिंग ‘परिपत्रक’ म्हणत असे, आणि ते काही उगाच नव्हे.

हे गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात सत्तावीस वर्षं परिपत्रकं लिहीत होते. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चहा हवा असला तरी ‘चहाबाबत काय ठरलं?’ असं विचारणार. औषधाच्या खोक्यातला आठ घड्यांचा कागद ते उभे राहून शेवटपर्यंत वाचत, आणि तोवर डोकेदुखी आपली आपण थांबलेली असे. लोक न वाचता चुका करतात, हे त्यांचं लाडकं मत. आता मी सांगतोय ती गोष्ट त्यांनी नीट वाचून केलेल्या चुकीची आहे.

“पिवळे बल्ब बंद झाले साहेब,” दुकानदार म्हणाला. “एलईडी घ्या.”

“कुठला?” परिपत्रकांनी विचारलं.

हा एवढासा प्रश्न विचारायला नको होता. दुकानदाराने काउंटरवर एकोणीस खोकी मांडली. पांढरा हवा की पिवळसर? सात वॉट की नऊ की बारा? पिनचा की आट्यांचा? शेवटच्या प्रश्नाला परिपत्रक घरी जाऊन होल्डरमध्ये डोकावून आले. पिनचा होता. मग त्यांनी सगळी खोकी उलटीपालटी करून वाचली, खिशातल्या डायरीत आकडे उतरवले आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून रिकाम्या हाताने परतले. दुकानदाराने एकोणीस खोकी पुन्हा फळीवर चढवली.

तीन दिवस वहिनी मेणबत्तीशेजारी सुई ओवत बसल्या आणि परिपत्रक सल्ले गोळा करत फिरले. तळमजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “पांढराच घ्या, पिवळ्या उजेडात माणूस पेंगतो.” त्यांच्याच बायकोने आतून ओरडून सांगितलं की पांढऱ्या उजेडात डोळ्याला डोळा लागत नाही. वरच्या मजल्यावरचे बँडमास्तर म्हणाले, “रंगाचं मला विचारू नका, पण गुणगुणणारा दिवा घेऊ नका. आमचा मेला सुराच्या जरा खालीच गुणगुणतो. मी दिवा बंद करून सराव करतो!”

या सगळ्यातून ‘दिव्याबाबत’ नावाची फाइल तयार झाली, चांगली अकरा पानांची. सातव्या पानावर एक रकाना होता, त्याचं नाव ‘सीआरआय’. ही अक्षरं फक्त एका खोक्याच्या झाकणाखाली, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात छापलेली होती. सीआरआय, पुढे सत्तर, आणि कंसात ‘शंभरपैकी’.

“म्हणजे काय हो?” त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं.

“मार्क असतील कसले तरी,” दुकानदार म्हणाला होता. तोवर तो अगदी मेटाकुटीला आला होता.

मार्क! शंभरपैकी सत्तर म्हणजे फर्स्ट क्लास की हो! परिपत्रक स्वतः शाळेतून त्रेचाळीस टक्के घेऊन बाहेर पडलेले, त्यामुळे फर्स्ट क्लास या गोष्टीबद्दल त्यांना फार आदर. बाकीच्या अठरा खोक्यांनी आपले मार्क दाखवलेलेच नव्हते. जो मार्क लपवतो तो नापासच असणार, असा शेरा फाइलमध्ये मारून त्यांनी सत्तरवाल्याची निवड केली.

दिवा लावला. खोलीत इतका लख्ख उजेड पडला की कपाटावरची धूळ दिसली आणि त्यावरून दोघांचं थोडं वाजलंही.

“उजेड आहे भरपूर,” वहिनी म्हणाल्या, “पण अहो, हे टोमॅटो शिळे का दिसताहेत?”

“सवय होईल.”

सेक्रेटरी दिवा पाहायला आले आणि फाइल पाहून भारावून गेले. सोसायटीच्या इतिहासात नळाच्या वॉशरला चार बैठका लागल्या होत्या. हा ठराव मात्र सात मिनिटांत पास झाला. आपल्या इमारतीतील तज्ज्ञांनी निवडलेले तेच दिवे जिन्यात लावावेत. बारा दिवे लागले. ‘तज्ज्ञ’ हा शब्द नोटीसबोर्डावर लागला. परिपत्रक पुढचा आठवडाभर जिना फार हळूहळू चढत-उतरत होते, कुणी भेटलं तर भेटू दे म्हणून.

लोक भेटलेही, पण कौतुकाचं राहिलं बाजूला, जो तो दुसऱ्याला एकच विचारू लागला, “काय हो, बरं नाही का?” सेक्रेटरींना दुधवाल्याची काळजी वाटली, दुधवाल्याला सेक्रेटरींची. दुसऱ्या मजल्यावरची आजी सुनेचा चेहरा पाहून म्हणाली, “अगं, रक्त आहे का अंगात?” आणि सून रक्त तपासून आली. रक्त होतं. जिन्यात आजारी दिसणारा माणूस रस्त्यावर पाऊल टाकताच टुणटुणीत व्हायचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हवा बदललीय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आणि मग आला तो कोट.

बँडमास्तरांचा मरून रंगाचा, सोनेरी बटणांचा कोट. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर त्यांचा बँड वाजायचा. शनिवारी तालमीच्या खोलीत खिळ्याला अडकून कोट पाठीवर चांगला बोटभर फाटला. अंधार पडता पडता मास्तर धावत खाली आले.

“वहिनी, लाज तुमच्या हातात.”

“द्या इकडे,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा पत्र्याचा डबा म्हणजे नुसता खजिना. लाल-तपकिरी घराण्यातलीच बारा रिळं होती त्यात. एकेक धागा कोटाला लावून पाहिला, एक अगदी मिसळून गेला, त्याने रफू केलं. दोन तास मान वर नाही. कागदात गुंडाळून कोट मास्तरांना दिला. मास्तरांनी पुडकं उघडलं ते दुसऱ्या दिवशी थेट बागेत, आणि कोट अंगावर चढवला.

आता बँडमास्तर हा असा माणूस, की त्याची पाठ लोकांकडे आणि तोंड वाजवणाऱ्यांकडे. बाहेर चांगलं ऊन होतं. त्या उन्हात मरून पाठीच्या बरोब्बर मधोमध बोटभर चॉकलेटी पट्टा उठून दिसत होता. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरी रांग, मग मुलं. वाजवणाऱ्यांना काही दिसेना. मास्तरांना वाटलं, आजची धून लोकांना भलतीच आवडलीय. त्यांनी तीच धून पुन्हा घेतली. लोक पोट धरून हसले. मास्तरांनी तिसऱ्यांदा घेतली.

दिवेलागणीला जिन्यात जो काही गहजब झाला तो तीन मजल्यांनी दारं उघडून ऐकला.

“चॉकलेट, वहिनी! माझ्या पाठीवर चॉकलेट! आणि पुढच्या रविवारी बँडला पंचवीस वर्षं होताहेत!”

वहिनी कोट उलटासुलटा करून तो पट्टा शोधत होत्या. परिपत्रकांना वाटलं, आता बोट दिव्याकडे जाणार. अजून कुणी दिव्याचं नावही काढलं नव्हतं, पण तज्ज्ञाला आपली काळजी आधी.

“दिव्याचा प्रश्नच उद्भवत नाही,” ते मोठ्याने म्हणाले. “दिवा मी स्वतः निवडलाय, फर्स्ट क्लास आहे. पूर्वीपेक्षा दुप्पट उजेड. हिचेच डोळे आता... वय झालं, होतं असं.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं, पण तोवर ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं होतं.

वहिनी कोट घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी कोट नेला. धागा ढळढळीत तपकिरी. “परवा तर मिसळला होता,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे मला दिसत नाही.” बावीस वर्षं ही बाई लोकांची फाटलेली कापडं अशी जोडत आली होती की नंतर भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला शोधून सापडत नसे. तिने डब्याचं झाकण लावलं, डबा कपाटावर अगदी मागे सरकवला आणि सांगितलं, “मास्तरांना म्हणावं, दुसरीकडे द्या. मी आता रफू करणार नाही.”

दुसरीकडे म्हणजे कुठे? गावात दुसरं रफू करणारं कुणी नव्हतं. कोट खुंटीवर टांगलेला राहिला.

घरात कात्रीचा कुटुकुटु आवाज थांबला. वहिनी रिकाम्या हातांनी खुर्चीत बसून राहू लागल्या, आणि परिपत्रकांना घर खायला उठलं. बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. रंग ओळखायचं पुस्तक पुढे धरलं, तर वहिनी म्हणाल्या, “हे चौथं पान विटलंय तुमचं. हा हिरवा आता हिरवा राहिला नाही.” डॉक्टरांनी पुस्तक उलटून छापल्याचं साल पाहिलं आणि मुकाट्याने खाली ठेवलं. मग डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि परिपत्रकांना आत बोलावलं.

“अहो, यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. घरात दिवा कुठला आहे?”

परिपत्रकांनी अभिमानाने सांगितलं. फाइल बरोबर होतीच. डॉक्टरांनी सातवं पान वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले, रडले असतील किंवा हसले असतील.

“हे मार्क परीक्षेचे नव्हेत हो! दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे आहेत. सत्तर म्हणजे अगदीच सुमार. त्यात गडद लाल रंग तर मातकटच दिसायचा, माणसांचे चेहरेसुद्धा. आमच्या ऑपरेशनच्या दिव्याला पंच्याण्णव लागतात.”

परिपत्रकांच्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांपुढून टोमॅटो गेले, आजीची सून गेली, दुधवाला गेला. शेवटी मास्तरांची पाठ गेली.

बाहेर वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी काहीएक ऐकलेलं नव्हतं. परत येताना थेंबांमुळे दिसेना म्हणून त्यांनी यजमानांचा दंड घट्ट धरला होता. परिपत्रकांच्या मनात आलं, खोटं कशाला सांगू, की गुपचूप दिवा बदलावा. कुणाला कळणार? तज्ज्ञ तज्ज्ञच राहील.

“डोळे उत्तम आहेत म्हणाले डॉक्टर,” ते म्हणाले.

“म्हणणारच,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं असेल तसं म्हणायला.” आणि दंड आणखी घट्ट धरला.

झालं. गुपचूपचा मार्ग तिथेच बंद झाला.

तरी माणसाने एक शेवटचा प्रयत्न केला. दिवा काढून दुकानात नेला.

“बंद पडलाय का?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, पण चुकीचा उजेड देतो.”

दुकानदाराने वॉरंटीचा फॉर्म पुढे केला. तक्रारीला तीन चौकटी होत्या: ‘लागत नाही’, ‘लुकलुकतो’, ‘फुटला’. परिपत्रकांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला. चौथी चौकट नव्हती. सत्तावीस वर्षं ते खिडकीपलीकडच्या लोकांना ‘यात बसत नाही’ असं शांतपणे सांगत आले होते. आज तेच खिडकीच्या अलीकडे उभे होते आणि त्यांना त्या सगळ्या लोकांची एकदम दया आली.

मग सेक्रेटरींकडे. “जिन्यातले दिवे चालू आहेत,” सेक्रेटरी म्हणाले. “चालू दिवे काढायचे तर कुणाची तरी चूक लागते. आणि चूक लेखी लागते.”

परिपत्रक वर आले, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला बसले. आयुष्यात हजारभर परिपत्रकं लिहिली असतील, प्रत्येकात चूक दुसऱ्याची. याला पाच कागद फाडावे लागले. गुरुवारी सकाळी जिन्यातल्या नोटीसबोर्डावर, ‘तज्ज्ञ’ या शब्दाच्या नेमकं खाली, ते लागलं:

‘विषय: दिव्याबाबत व डोळ्यांबाबत. सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, गेल्या रविवारी याच जिन्यात निम्नस्वाक्षरीकाराने आपल्या पत्नीच्या डोळ्यांविषयी केलेले विधान निराधार असून ते बिनशर्त मागे घेण्यात येत आहे. दोष दिव्याचा आहे. दिवा निम्नस्वाक्षरीकाराने निवडला आहे. सबब दोष निम्नस्वाक्षरीकाराचा आहे. जिन्यात कोणाचाही चेहरा आजारी दिसल्यास घाबरून जाऊ नये. सर्वांनी पाहिल्याची सही करावी.’

खाली सगळ्या घरांची यादी आणि सहीच्या जागा. तासाभरात जिन्यात ही गर्दी. काही हसले, चालायचंच. पण आजी म्हणाली, “माझ्या म्हाताऱ्याने एवढं लिहून दिलं असतं तर मी फ्रेम केलं असतं.”

वहिनींना सेक्रेटरींच्या बायकोने हाताला धरून खाली आणलं. त्यांनी वाचलं. एकदा, मग पुन्हा. परिपत्रक दोन पायऱ्या वर उभे राहून कठड्याची धूळ पाहत होते.

“सही?” त्यांनी विचारलं.

“इतक्यात नाही,” वहिनी म्हणाल्या. “आधी खात्री करून द्या. डबा काढा कपाटावरून.”

त्या संध्याकाळी दुकानात दोघं गेली, मागोमाग कोट घेऊन मास्तर, आणि बातमी लागलेले आणखी सात-आठ जण. वहिनींनी बारा रिळं काउंटरवर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या बुडाशी त्यांनीच पूर्वी रंगाचं नाव चिकटवलेलं होतं, ते खाली. दुकानदाराच्या तपासणीच्या फळीवर सत्तरवाला लावला, दुकानाचे बाकीचे दिवे विझवले.

वहिनींनी रिळं पाहिली. “हा आणि हा एकच. हे तिन्ही एकच.” उलटून पाहिलं, तर पाच चुकली. त्यांचा चेहरा पडला.

“दुसरा लावा!” परिपत्रक ओरडले. नव्या मालातला ऐंशीवाला लागला. दोन चुकली. मास्तर कोट छातीशी धरून उभे होते.

“आहे एक,” दुकानदार डोकं खाजवत म्हणाला. “कुणी घेत नाही. जरा मंद आहे.” माळ्यावरून धुळीचं खोकं आलं. परिपत्रकांनी झाकण उचललं, मुंगीच्या पायाएवढा टाइप वाचला. पंच्याण्णव.

दिवा लागला. वहिनी काउंटरवर वाकल्या आणि रिळं भराभर पुढेमागे करू लागल्या.

“काय झालं गं?”

“थांबा हो.” त्यांनी एक रीळ उचललं. “हा विटेचा.” दुसरं. “हा डाळिंबी. हा वाळलेल्या पानाचा. हा जांभळाकडे झुकतो. हा चॉकलेटी, यानेच घात केला. आणि हा,” त्यांनी रीळ कोटावर टेकवलं आणि ते तिथे दिसेनासं झालं, “हा मास्तरांचा.”

रिळं उलटली. बाराच्या बारा! दुकानात टाळ्या पडल्या. वहिनींनी मान वर केली आणि दुकानदाराकडे पाहिलं. “तुमच्या शर्टाचं तिसरं बटण निळ्या धाग्याने लावलंय. बाकीची काळ्याने.” दुकानदाराने खाली पाहिलं. हा शर्ट तो वर्षभर घालत होता.

“शंभरपैकी शंभर!” परिपत्रकांना राहवलं नाही.

“मार्कांचं नाव काढू नका,” वहिनी म्हणाल्या. पण हसत होत्या. मग दुकानदाराला म्हणाल्या, “असे दोन द्या.”

रात्रीच्या जेवणाआधी कोट तयार. मास्तरांनी टेबलावर पसरून पाठ तपासली, नखाने चाचपली, भिंगाने पाहिली.

“वहिनी, कुठे केलंत रफू?”

“ते सांगायचं नसतं.”

रविवारी सगळी बिल्डिंग बागेत. पहिल्या दोन रांगा आपल्याच. इतक्या लोकांनी इतका वेळ डोळे न हलवता बँडमास्तरची पाठ पाहिल्याचं दुसरं उदाहरण नसेल. उन्हात मरून कापड सलग चमकत होतं. “डावीकडे असेल,” सेक्रेटरी कुजबुजले. “उजवीकडे होता हो,” दुधवाला म्हणाला. जोड कुणालाच सापडेना. शेवटची धून संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला, मास्तरांनी लोकांकडे वळून मुजरा केला आणि मग गर्रकन पुन्हा पाठ केली. दोन्ही हात पसरून ओरडले, “शोधा! सापडला तर सांगा! हे आमच्या वहिनींचं रफू!”

टाळ्या दुप्पट झाल्या. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. परिपत्रक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांना आपण रडतोय याची अजिबात लाज वाटत नव्हती.

घरी येताना सगळी मंडळी जिन्यात नोटीसबोर्डापाशी रेंगाळली. परिपत्रकाखाली सगळ्या घरांच्या सह्या होत्या. एकच जागा मोकळी होती.

“आता तरी?” परिपत्रकांनी पेन पुढे केलं.

“या उजेडात मी काही वाचत नसते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दुसरा दिवा काढला. सेक्रेटरी ‘बैठक’ असं काहीतरी म्हणू लागले, पण बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यांनी आपण होऊन स्टूल आणून दिलं. परिपत्रक वर चढले. सत्तरवाला काढला, पंच्याण्णववाला बसवला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजीने सुनेचा गाल धरला. “अगोबाई, किती तुकतुकीत आहेस गं तू!”

वहिनींनी परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, यजमान वाचतात तसं, उभ्याने. मग मोकळ्या जागेत सही केली आणि सहीच्या आधी, ठसठशीत अक्षरात, लिहिलं:

‘पाहिले. स्वतःच्या डोळ्यांनी.’